रुतलेली जीप आणि हलका दोर
जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना ऐन पावसात जीप तांबड्या चिखलात रुतली. जवळचा प्लास्टिकचा पिवळा दोर पहिल्याच हिसक्याला तुटला. टपावर वर्षभर ऊन खाऊन तो आधीच कुजला होता. तारेचा दोर मला नकोच, तुटला तर चाबकासारखा अंगावर येतो.

शेवटी १० मिलिमीटरचा डायनीमा, म्हणजे प्लास्टिकच्याच पण फार मजबूत धाग्यांचा दोर घेतला. महाग आहे, पण पाणी पीत नाही, उलट तरंगतो. मात्र ताणत नाही, म्हणून हिसका द्यायचा नाही, सावकाश ओढायचं. हिसक्याला नायलॉनच बरा. गाठ मारली की निम्मी ताकद जाते, शिवाय हा गुळगुळीत, गाठ सरकतेच. म्हणून टोकांना विणलेले फास करून घेतले. परवा वाटेवर आडवं पडलेलं झाड त्यानंच ओढून काढलं. दोर सीटखाली मावतो. बायको म्हणते, साडीची घडीच की!