आर५० घेऊ का झेडव्ही-ई१०? तुलना करताना या चुका टाळा

आमच्या घरात सध्या दोन कॅमेरे आहेत, वहिनीचा सोनी झेडव्ही-ई१० आणि मामेभावाचा कॅनन आर५०, आणि गेल्या दिवाळीत दोघांनी अदलाबदल करायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. वहिनीचं म्हणणं, माझा कॅमेरा पट्टे मारतो, चेहरा उगाच जवळ येतो, आणि ह्याच्यात बघ कसं मोकळं मोकळं दिसतंय. दोघांनी स्वयंपाकघरात एकाच जागी उभं राहून एकेक क्लिप काढली होती आणि कॅनन सरळसरळ जिंकत होता. मी म्हटलं एक तास द्या मला. तासाभरात कळलं की तुलना कॅमेऱ्यांची झालीच नव्हती, दोन वेगळ्या सेटिंगची झाली होती.

ही चूक इतक्या जणांना करताना बघितलंय की म्हटलं आता लिहूनच टाकावं.

पहिला लोच्या: एनटीएससी आणि आपली ट्यूबलाइट

वहिनीने कुठल्यातरी अमेरिकन यूट्यूबरचा व्हिडिओ बघून कॅमेरा एनटीएससीवर (अमेरिकेतली व्हिडिओ पद्धत) टाकला होता आणि ४के ३० फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, शूट करत होती. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. म्हणजे आपली साधी ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला दिसत नाही पण सेन्सरला दिसतं. ऑटोवर कॅमेरा १/६० शटर (सेकंदाचा साठावा भाग) धरून बसला की त्या चढउताराशी मेळ बसत नाही आणि भिंतीवरून पट्टे सरकायला लागतात. भावाचा आर५० पालवर, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झशी जुळणाऱ्या पद्धतीवर होता, २५ फ्रेम, शटर १/५०, त्यामुळे तिथे काहीच नाही. झालं, सोनी खराब!

उपाय सोपा आहे: मेनूत एनटीएससी/पाल सिलेक्टर पालवर आणा, २५ फ्रेम घ्या, शटर हाताने १/५० ठेवा, घरात जास्त उजेड असेल तर १/१००. सोनीत हे बदललं की कार्ड परत फॉर्मॅट करायला सांगू शकतो, म्हणून आधी क्लिपा लॅपटॉपवर घ्या, नाहीतर गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ गेला म्हणून मला शिव्या घालाल. आणि ३० फ्रेमच हवेत असं काही कारण असेल तरी चालतं हो, फक्त शटर १/१०० करा. काही अगदी स्वस्त एलईडी पट्ट्या आणि सजावटीचे दिवे मात्र कशानेच ऐकत नाहीत, त्यांचा ड्रायव्हरच तसला असतो, तिथे बल्ब बदलायचा, कॅमेरा नाही.

हेच फोटोला पण लागू आहे. दोन्ही कॅमेऱ्यांत सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर आहे, आणि हॉलमध्ये एलईडी लायटिंग असताना तो चालू ठेवला की फोटोवर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या येतात. बारशाला, साखरपुड्याला आवाज नको म्हणून लोक सायलेंट लावतात आणि घरी येऊन डोक्याला हात. तो बंद करा. सोनीत मग मेकॅनिकल शटर चालतो, आर५० मध्ये पूर्ण मेकॅनिकल नाहीये, शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असतो, पण पट्ट्यांच्या बाबतीत तो सायलेंटपेक्षा कितीतरी बरा.

दुसरा लोच्या: "ह्याची लेन्स जास्त वाइड आहे"

हा माझा आवडता, कारण इथे स्पेकशीट आणि प्रत्यक्ष एकदम उलटं दिसतं. सोनीची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी, १६-५०, कॅननची १८-४५ (आकडा लहान तेवढी वाइड). दोघांचे सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान, म्हणून हा आकडा सोनीत १.५ ने आणि कॅननमध्ये १.६ ने गुणायचा, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात सोनी २४ पासून सुरू होते आणि कॅनन साधारण २९ पासून. मग सोनी जास्त मोकळी दिसायला हवी ना? पण झेडव्ही-ई१० ४के ३० फ्रेमवर चित्र १.२३ पट कापतो, आणि २४ गुणिले १.२३ म्हणजे झाले साडेएकोणतीस! कॅननइतकंच. वर वहिनीने ॲक्टिव्ह स्टेडीशॉट (व्हिडिओतलं हलणं कमी करणारी सोय) चालू ठेवला होता, तो अजून बाजू कापतो, म्हणून कढई अर्धी बाहेर आणि चेहरा कॅमेऱ्यावर. २५ फ्रेमवर सोनी हा १.२३ चा क्रॉप करत नाही. पाल केलं, २५ फ्रेम केलं, ॲक्टिव्ह बंद केलं, आणि त्याच जागेवरून ओट्याच्या दोन्ही कडा दिसायला लागल्या. एकाच बदलात पट्टे पण गेले आणि जागा पण मिळाली.

आर५० ४के मध्ये पूर्ण रुंदी वापरतो, ३० ला पण कापत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. पण त्यात पण डिजिटल आयएस, म्हणजे कॅननची तशीच सोय, चालू केलं की कापतोच. त्यामुळे दुकानात दोन्ही हातात घ्याल तेव्हा फ्रेम रेट सारखा, स्टॅबिलायझेशन सारखं, मगच बघा. ट्रायपॉडवर असाल तर ते बंदच ठेवा.

आणि ह्या दोघांपैकी एकाच्याही बॉडीत स्टॅबिलायझेशन नाहीये बरं का. किट लेन्समध्ये आहे म्हणून हात थोडाफार सांभाळला जातो. मग लोक हौसेने कॅननची आरएफ ५० एमएम १.८ किंवा सोनीची एफई ५० एमएम १.८ घेतात, त्यांत नाही, आणि "आधी व्हिडिओ स्थिर यायचा, आता थरथरतो, सेन्सर हलला काय?" असे मेसेज. काही हललेलं नाही. सोनीवाल्यांसाठी एक पळवाट आहे, झेडव्ही-ई१० हलण्याची जायरो माहिती क्लिपमध्ये साठवतो आणि सोनीच्या कॅटॅलिस्ट ब्राउझ ह्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती वापरून नंतर स्थिर करता येतं, मात्र शूट करताना स्टेडीशॉट बंद हवं आणि शटर थोडा जास्त वेगवान हवा.

नावात गल्लत

झेडव्ही-ई१० आला जुलै २०२१ मध्ये. त्याचा मार्क २ आला जुलै २०२४ मध्ये, त्यात ४के ६० आहे, मोठी एफझेड१०० बॅटरी आहे, पण मेकॅनिकल शटर काढून टाकलाय. लोक रिव्ह्यू बघतात दुसऱ्याचा आणि सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून उचलतात पहिला, मग ४के ६० मेनूत शोधत बसतात. कॅननकडे पण तेच, आर५० फेब्रुवारी २०२३ चा, आर५० व्ही २०२५ चा वेगळा कॅमेरा, आणि त्या व्हीला व्ह्यूफाइंडरच नाही. आर१०० त्याहून स्वस्त दिसतो पण त्याचा स्क्रीन ना वळतो ना टचला दाद देतो. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा, दुकानदाराच्या तोंडचं नको.

उन्हात काही दिसत नाही

मामेभाऊ दर रविवारी कुठल्यातरी गडावर असतो. त्याने सोनी घेतला असता तर आठवड्यात विकला असता, कारण झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडर नाही, आणि दुपारी बाराला रायगडावर होळीच्या माळावर उभं राहून स्क्रीनकडे बघितलं तर स्वतःचं तोंड दिसतं, फोटो नाही. ब्राइटनेस सनी वेदरवर टाकला तर थोडं बरं होतं, पण बॅटरी पळते. आर५० ला २३.६ लाख डॉटचा छोटासा व्ह्यूफाइंडर आहे, लहान आहे, चष्मा असेल तर जरा कोपरे दिसत नाहीत, पण डोळा लावला की ऊन संपलं. शिवाय वर छोटा फ्लॅश आहे, सोनीत तोही नाही. फोटो जास्त काढणार असाल तर माझ्या मते इथेच निकाल लागतो, बाकी तक्ते बघायची गरज नाही. वजनाचं म्हणाल तर बॅटरी-कार्डासकट आर५० ३७५ ग्रॅम आणि सोनी ३४३, ह्या फरकावर वाद घालणाऱ्यांनी आधी पाण्याची बाटली मोजावी.

फोकस पळतो

वहिनीची पुढची तक्रार: बोलता बोलता फोकस झाऱ्यावर जातो आणि मी धूसर. हे तर तिने स्वतःच चालू केलेलं! झेडव्ही-ई१० वर कचरापेटीचं चिन्ह असलेलं बटण शूट करताना प्रॉडक्ट शोकेसचं काम करतं, म्हणजे जे पुढे आणाल त्यावर फोकस. चुकून दाबलं गेलं की चेहरा सोडून देतो. एकदा परत दाबा, संपलं. आर५० मध्ये ह्याच कामाचा क्लोज-अप डेमो नावाचा मूव्ही मोड आहे, तिथेही तीच गंमत होते. तसंच सोनीच्या वरच्या बाजूला पाठीमागचं धूसर करायचं बटण आहे, ते चालू राहिलं असेल तर ॲपर्चर (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक) पूर्ण उघडतं आणि तीन जण ओळीत उभे असतील तर मधला एकच स्पष्ट येतो.

कॅननचा नवा कॅमेरा पहिल्यांदा चालू केल्यावर लेन्स शूटिंगच्या स्थितीत आणा असा मेसेज येतो आणि निम्मे लोक घाबरतात. लेन्स मिटलेली असते, रिंग फिरवून १८ वर आणायची, बस.

आवाजच नाही

मोबाइलचा कॉलर माइक कॅमेऱ्यात खुपसायचा नाही. पिन बघा, मोबाइलवाल्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची लागते. तीनवाली लावली की कधी आवाज येत नाही, कधी खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. अडॅप्टर मिळतो, स्वस्त असतो. सोनीला हेडफोन लावून शूट करतानाच ऐकता येतं, आर५० ला हेडफोनचं भोकच नाही, म्हणून भावाने एका मुलाखतीचा अख्खा तास बिनआवाजाचा काढला होता आणि घरी आल्यावर कळलं. आर५० वापरत असाल तर दहा सेकंदांची टेस्ट क्लिप, तिथेच वाजवून बघायची, रोज. व्हिडिओत बोलणंच मुख्य असेल तर हा मुद्दा सोनीच्या पारड्यात टाका. त्याच्यासोबत माइकवर बसवायचा केसाळ विंडस्क्रीन पण येतो, तो खोक्यातच विसरू नका, गच्चीवर वारा असला की त्याची किंमत कळते.

कार्ड, फिल्टर आणि असला किरकोळ पण खिसा कापणारा माल

४के ला सोनी १०० मेगाबिटने लिहितो, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, आर५० साधारण १२० मेगाबिटने, म्हणजे १५ एमबी. व्ही३० (कार्डाच्या वेगाची खूण) छापलेलं चांगलं कार्ड दोघांनाही पुरतं, व्ही९० वर पैसे घालवू नका, ह्या कॅमेऱ्यांचा स्लॉटच तेवढा वेगवान नाही. ६४ जीबीत सोनीचे सुमारे ८५ मिनिटं, कॅननचे ७० च्या आसपास. रेकॉर्डिंग मधेच थांबत असेल तर आधी जुनं मोबाइलमधलं मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून वापरताय का ते बघा.

फिल्टर मागवताना लेन्सवर १६-५० लिहिलंय म्हणून ५० एमएमचा मागवणारे भेटलेत मला. सोनीच्या किटला ४०.५ लागतो, कॅननच्या १८-४५ ला ४९. लेन्सच्या तोंडावर गोल चिन्हाच्या पुढे असतो तो आकडा.

जुन्या डीएसएलआरचा फ्लॅश असेल तर आर५० घेण्याआधी तो दुकानात घेऊन जा आणि लावून बघा, त्याच्या नव्या पद्धतीच्या शूवर (वर फ्लॅश बसवायची खाच) सगळेच फ्लॅश सरळ चालत नाहीत.

सोनीत एस-लॉग (नंतर रंग बदलता यावेत म्हणून फिकट चित्र काढणारं प्रोफाइल) दिसला की सगळ्यांना सिनेमावाल्यांसारखं वाटायला लागतं. झेडव्ही-ई१० ८ बिट आहे, म्हणजे रंगांच्या छटा कमी साठवतो, एस-लॉगमध्ये काढून रंग ओढायला गेलात की आकाशात पायऱ्या पडतात. पिक्चर प्रोफाइल बंद करा आणि नीट एक्सपोज करा, वहिनीच्या भाजीचा हिरवा तसाच छान येतो.

लेन्सचा हिशेब आधी करा

५० एमएम सगळ्यांनी घ्या म्हणतात, पण आर५० वर ती ८० सारखी वागते, आणि आपल्या दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात पाठ भिंतीला टेकवून पण माणूस कमरेपर्यंत मावत नाही. खोलीत शूट करायचं तर १६ किंवा २३ च्या आसपासची बघा. सोनीकडे सिग्मा, टॅमरॉन वर्षानुवर्षं आहेत आणि सेकंडहँड पण खूप फिरतात. कॅननवर पूर्वी हे दार बंद होतं, २०२४ मध्ये एपीएस-सीसाठी, म्हणजे आर५० सारख्या लहान सेन्सरसाठी, सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी मिळाली, सिग्माची १८-५० एफ २.८ आली, मग १.४ वाल्या आल्या, त्यामुळे "कॅननला लेन्स नाहीत" हे जुनं वाक्य आता फेकून द्या. तरी सेकंडहँड बाजारात सोनीचा माल जास्त दिसेल, बजेट घट्ट असेल तर ते महत्त्वाचं. घरात जुन्या कॅननच्या ईएफ लेन्स पडल्या असतील तर मात्र अडॅप्टर लावून आर५० वर त्या व्यवस्थित चालतात, मग विचार करायलाच नको.

बिल जीएसटीचं घ्या आणि वॉरंटी कार्ड भारतातलं आहे का ते तिथेच बघा. बिलाशिवाय पाच हजार कमी म्हणणाऱ्या काउंटरवरून मी एकदा लेन्स घेतली होती, पुढचं सांगत नाही.

दोघांतला एकही पावसात चालणारा नाही, सील वगैरे काही नाही. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, आणि एसी गाडीतून एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ बसते, ती पुसायची नाही, पिशवीतच अर्धा तास राहू द्यायचा. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पुडी एवढं पुरतं. अदलाबदल शेवटी रद्द झाली, वहिनी सोनीवर खूश आहे, पण परवा तिच्याकडे गेलो तर ओल लागू नये म्हणून कॅमेरा तांदळाच्या डब्यात. वहिनी, तो आधी बाहेर काढ, तांदळाची पावडर लेन्समध्ये जाते.