परराज्यातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून महाराष्ट्रात प्रवेश घेताय? या चुका टाळा

एकोणीस वर्षं मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात एलिजिबिलिटीचं, म्हणजे प्रवेशाची पात्रता तपासायचं टेबल सांभाळते आहे. परराज्यातून आलेली, दुसरं विद्यापीठ सोडून आलेली सगळी मुलं माझ्याकडे पाठवतात. जून-जुलैत ती फीची पावती घेऊन आनंदात येतात. त्यातलीच काही ऑक्टोबरात परत येतात, कारण परीक्षेचा फॉर्म अडकलेला असतो. तेव्हा सोबत रात्रभर रेल्वेने आलेले वडील असतात आणि पहिला प्रश्न असतो, "मॅडम, फी तर भरली आहे ना?"

फी भरली म्हणजे महाविद्यालयाने तात्पुरता प्रवेश दिला. तो कायम करायचा की नाही हे विद्यापीठ ठरवतं, आणि त्यासाठी तुमची आधीची गुणपत्रकं, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला आणि मायग्रेशन (दुसरीकडे जाताना आधीचं बोर्ड किंवा विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र) तपासतं. महाराष्ट्र बोर्डातून बारावी झालेल्या तुमच्या रूममेटला मायग्रेशन मागितलं नाही म्हणून तुम्हालाही लागणार नाही, असं समजू नका. त्याचं बोर्ड इथलंच आहे, तुमचं नाही. सीबीएसईचं मायग्रेशन डिजिलॉकरमध्ये मिळतं. ते निकाल लागल्याच्या आठवड्यातच उतरवून ठेवा.

आधीचा प्रवेश लपवणं

सगळ्यात जास्त नुकसान मी या एका चुकीने झालेलं पाहिलं आहे, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

मध्य प्रदेशातला एक मुलगा प्रथम वर्ष बी.कॉम.ला आला. सीबीएसईची बारावी, गुण चांगले. मध्ये एक वर्ष रिकामं. त्यासाठी त्याने गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडलं होतं: घरच्या अडचणीमुळे या काळात कुठेही प्रवेश घेतला नाही. शाळेचा दाखला मात्र दुय्यम प्रत होती. मी विचारलं, "मूळ दाखला कुठे आहे रे?" तो म्हणाला, "हरवला, मॅडम." पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रतही त्याने आणली होती. कागद पूर्ण होते. प्रस्ताव विद्यापीठाकडे गेला.

दुसऱ्या सत्रात श्रेयांक (क्रेडिट) चढवण्यासाठी सगळ्यांचे एबीसी क्रमांक जोडायचं काम सुरू झालं. एबीसी म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२१ साली यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) तिचे नियम काढले आणि आता प्रत्येक विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या खात्यात जमा होतात, विद्यापीठ कुठलंही असो. या मुलाचं खातं आधीच उघडलेलं होतं. त्यात दुसऱ्या एका विद्यापीठाचे, नेमके त्या रिकाम्या वर्षातले, चार विषयांचे श्रेयांक होते.

खरी गोष्ट अशी होती. बारावीनंतर त्याने गावाजवळच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. दोन विषय राहिले, मन लागेना, म्हणून सोडलं. मूळ दाखला तिथेच जमा होता. पुण्यात प्रवेश करून देणाऱ्या एका एजंटने सांगितलं, "ते वर्ष दाखवूच नकोस, गॅप टाक, सगळे तसंच करतात." दाखला हरवल्याची तक्रारही त्यानेच करायला लावली.

विद्यापीठाने निकाल राखून ठेवला आणि खुलासा मागितला. मुलाचे वडील माझ्यासमोर बसले होते. साधा माणूस, किराणा दुकान चालवणारा. "ताई, नापास होणं गुन्हा आहे का?" त्यांनी विचारलं. नव्हताच गुन्हा. बारावीच्या गुणांवर प्रथम वर्षाला नव्याने प्रवेश त्याला सरळ मिळाला असता. जुन्या महाविद्यालयातून दाखला काढायचा, जुन्या विद्यापीठातून मायग्रेशन काढायचं, अर्जात "अमुक वर्षी प्रवेश घेतला होता, अभ्यासक्रम सोडला" असं लिहायचं. खर्च काही शे रुपये आणि दोन-तीन आठवडे. त्याऐवजी खोटं प्रतिज्ञापत्र आणि खोटी तक्रार, दोन्ही त्याच्या सहीने कागदावर आली होती. प्रवेश रद्द झाला. पुढच्या वर्षी त्याने खरे कागद घेऊन पुन्हा प्रथम वर्षाला नाव घातलं. आधीचं एक वर्ष वाचवायला गेला आणि दुसरंही गेलं. एजंटचा फोन तोवर बंद झाला होता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. दुय्यम दाखला दिसला की मी फाइल बाजूला ठेवते आणि मुलाला एकट्याला बसवून विचारते, "शेवटचं नाव कुठे होतं तुझं?" पास झालास का, हे मी विचारत नाही. मायग्रेशन कुठून आणायचं हे फक्त शेवटचं नाव कुठे होतं यावरूनच ठरतं. बारावीनंतर एक दिवसही दुसऱ्या विद्यापीठात नाव असेल, तर बोर्डाचं मायग्रेशन चालत नाही, त्या विद्यापीठाचं लागतं. परीक्षेला बसला नाहीत, नापास झालात, तरीही.

जुनं गाव सोडण्याआधी हे काढून ठेवा. आधी दाखला, मग मायग्रेशन, हा क्रम आहे. दाखल्याशिवाय मायग्रेशनचा अर्ज बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. गुवाहाटी किंवा पाटण्याहून पुण्यात आल्यावर हेच दोन कागद कुरिअरने मागवायला निघालात, तर आख्खं सत्र जातं.

"माझे श्रेयांक पूर्ण आहेत, मला थेट दुसऱ्या वर्षाला घ्या"

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून हे वाक्य मी रोज ऐकते. मुलांचा समज असा की श्रेयांक म्हणजे पैसे, एका बँकेतून काढले आणि दुसरीत भरले. श्रेयांक खात्यात दिसणं वेगळं आणि नव्या विद्यापीठाने ते आपल्या अभ्यासक्रमात धरणं वेगळं.

प्रथम वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक असतात, हे सगळीकडे जवळपास सारखं आहे. पण महाराष्ट्रात त्या ४४ ची वाटणी ठरलेली आहे: मेजर (मुख्य विषय), खुले निवडक विषय, व्यवसाय-कौशल्य, क्षमतावृद्धी, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलीचे ४४ पूर्ण असतात, पण त्यात भारतीय ज्ञानप्रणालीचा विषयच नसतो, किंवा मेजर अर्थशास्त्र आणि आमच्याकडे तिला हवंय वाणिज्य. मग अभ्यासमंडळ दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघतं, आणि जे कमी पडतं ते विषय नव्या वर्षाबरोबर जास्तीचे द्यावे लागतात. फरक फार असेल तर प्रथम वर्ष पुन्हा.

यासाठी एकच कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडतो आणि तो कोणीच आणत नाही: जुन्या विद्यापीठाच्या त्या वर्षाच्या संपूर्ण अभ्यासक्रमाची प्रत, विषयवार श्रेयांक आणि तासिकांसह, महाविद्यालयाचा शिक्का मारलेली. संकेतस्थळावरून छापलेली चालेल असं गृहीत धरू नका, कारण तिथे पुढच्या वर्षीचा बदललेला अभ्यासक्रम असतो. प्राचार्यांची सही त्यावर घ्यायला अर्धा दिवस जातो. माझ्याकडे जी मुलं ही प्रत घेऊन आली, त्यांची समकक्षता (जुने विषय नव्या अभ्यासक्रमात धरणं) महिन्याच्या आत झाली.

आणखी दोन मर्यादा डोक्यात असू द्या. एबीसीतले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक कमवावे लागतात. म्हणून पाचव्या सत्राला विद्यापीठ बदलायची घाई करणाऱ्यांना मी परत पाठवते: बाळा, एक वर्ष राहिलंय, तिथेच पूर्ण कर आणि पदव्युत्तरला ये.

"आम्ही मराठीच आहोत की!"

हे ऐकताना मला वाईट वाटतं, कारण बोलणाऱ्याचं चुकत नसतं. बडोदा, इंदूर, हैदराबादेत दोन पिढ्या राहिलेली मराठी घरं. मुलाला अभियांत्रिकीसाठी पुण्याला पाठवायचं ठरतं. घरात मराठी बोलतात, कुलदैवत जेजुरीला, आणि फॉर्म भरताना समजतं की राज्याच्या जागांसाठी भाषा बघत नाहीत, कागद बघतात.

सीईटी कक्षाच्या (राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाच्या) अभियांत्रिकी प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार कोण याचे प्रकार ठरलेले आहेत. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि जन्म किंवा अधिवास (डोमिसाइल) महाराष्ट्राचा, तर टाइप ए. ते बसत नसेल, पण स्वतःचा, आईचा किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल, तर टाइप बी. पालक केंद्र सरकारच्या सेवेत महाराष्ट्रात असतील तर टाइप सी, राज्य सरकारच्या सेवेत असतील तर टाइप डी. आणि सीमाभागातल्या ८६५ गावांत शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी टाइप ई. बेळगाव, निपाणी, खानापूरकडची कितीतरी मुलं ही सोय असूनही अखिल भारतीय जागेवर अर्ज करतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांच्यासाठी हे इथे मुद्दाम लिहिते आहे.

बडोद्याच्या एका कुटुंबात वडिलांचं बालपण, शिक्षण, पहिली नोकरी सगळं साताऱ्यात. अधिवास दाखला मिळण्यासारखा होता, पण कधी काढलाच नव्हता. अधिवासाला किमान १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात: शाळेचे दाखले, शिधापत्रिका, मतदार यादी, घरपट्टी. ते जुलैत शोधायला लागले. तिकडे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. मुलगा शेवटी अखिल भारतीय जागेवर, हवी ती शाखा सोडून, दुसरीकडे गेला. हे काम मूल अकरावीत असतानाच करायचं असतं.

वैद्यकीयसाठी नियम जास्त कडक आहेत. तिथे राज्य कोट्यात सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबर दहावी-बारावीही महाराष्ट्रातून लागते. बाहेरच्यांसाठी सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आहेत, आणि त्यांची फेरी वेगळी, राज्याची वेगळी. अभियांत्रिकीचा अनुभव असलेल्या मामाचा सल्ला वैद्यकीयला लावू नका. माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते, ती स्वतः वाचा. पन्नास-साठ पानं वाचायचा कंटाळा करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती उरलेली नाही.

दुसऱ्या राज्याच्या जात प्रमाणपत्रावर इथे आरक्षण मागणं

मिळत नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली हे स्पष्ट केलं आहे: स्थलांतर करून आलेल्याला मूळ राज्यातल्या अनुसूचित जात-जमातीच्या आधारे नव्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ घेता येत नाही. अखिल भारतीय जागांवरचं केंद्रीय आरक्षण वेगळं, ते मिळतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्जही मूळ राज्याकडे करायचा असतो, महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवर करून वर्ष घालवू नका.

थोडक्यात, पण महत्त्वाचं

नाव. दहावीच्या गुणपत्रकावर जसं आहे तसंच सगळीकडे. महाराष्ट्रात स्वतःचं नाव आणि आडनाव यांच्या मध्ये वडिलांचं नाव लिहायची पद्धत आहे म्हणून केरळच्या मुलाने स्वतःच्या नावात नवीन मधलं नाव घालू नये. आधारवरचं नाव वेगळं असेल तर एबीसी खातं जुळत नाही, ते आधी दुरुस्त करा.

बोर्ड. अनोळखी मुक्त बोर्डाच्या बारावीवर प्रवेश घेण्याआधी ते बोर्ड मान्यताप्राप्त आहे का ते तपासा. एनआयओएस (केंद्राचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय) चालतं. "तीन महिन्यांत बारावी" देणाऱ्यांपासून लांब राहा.

मूळ कागद. तपासून झाल्यावर ते तुम्हाला परत मिळाले पाहिजेत, असं यूजीसीने २०१८ साली सांगितलं आहे. दाखला आणि मायग्रेशन मात्र जमा होतात, म्हणून देण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करा. मी प्रत्येक मुलाला माझ्यासमोर मोबाइलवर स्कॅन करायला लावते.

प्रवेश रद्द करणं. त्याच २०१८ च्या सूचनेत फी परताव्याचा तक्ता आहे. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी अर्ज दिलात तर पूर्ण फी परत, थोडी प्रक्रिया-रक्कम वजा करून. मग ९०, ८०, ५० टक्के असं उतरत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच नाही. तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांचे नियम वेगळे आहेत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. फोनवर कळवलेलं धरत नाहीत.

लॅमिनेशन. गुणपत्रकं, मायग्रेशन, काहीही लॅमिनेट करू नका. मागे शिक्का मारता येत नाही.

मोबाइल नंबर. अर्जात स्वतःचाच घाला. एजंटचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा घातलात, तर विद्यापीठाने काढलेली त्रुटी त्याला कळते, तुम्हाला नाही. गेल्या हंगामात सात मुलांच्या त्रुटी मुदत संपेपर्यंत तशाच पडून होत्या. सातही अर्जांवर नंबर एकच होता.