नवं एअर पिस्तूल रेंजवर नेताना

सगळ्यात आधी अ‍ॅडॅप्टर. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरण्यासाठी मोठ्या टाकीला जोडणारा तो छोटासा तुकडा पेटीतल्या फोममध्ये कुठेतरी रुतलेला असतो. तो बाहेर काढा, बॅगेत टाका, मग पुढचं वाचा. नवा सिलिंडर बहुतेक वेळा रिकामाच येतो आणि आटे कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे शेजारच्या लेनवाल्याचा तुम्हाला चालेलच असं नाही. कोरं करकरीत पिस्तूल मांडीवर घेऊन माझी अख्खी दुपार दुसऱ्यांचे ग्रुप, म्हणजे कागदावर एकत्र पडलेली शॉटची भोकं, बघण्यात गेली आहे.

चष्मा, इअरप्लग, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवायला तिच्यातून घालायची दोरी): हे सांगायला नको. फ्लॅगची दोरी नळीच्या तोंडातून बाहेर दिसली पाहिजे, एवढंच.

सिलिंडरवरची तारीख घरीच बघा. त्याचं आयुष्य बनवल्यापासून १० वर्षं धरतात, विकत घेतल्यापासून नाही. दुकानात पडून राहिलेला माल असेल तर तेवढी वर्षं गेलीच. भरताना दाब २०० बारच्या वर जायचं नाही आणि झडप सावकाश उघडायची. घाईत भरलात तर हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. आट्यांना तेल-ग्रीस अजिबात नको. इतक्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. अ‍ॅडॅप्टर सोडवण्याआधी अडकलेली हवा सोडून द्या. अ‍ॅडॅप्टर घेतलाय ना? पुन्हा बघा. घरच्या टेबलावर ठेवलेला मोजत नाही.

अ‍ॅलन की घ्या, पण ग्रिपसाठी. नवी अक्रोडाची ग्रिप टोचतेच. तळहाताखालची पट्टी किंचित सैल ठेवून सुरुवात करा. कानस, सॅंडपेपर घरीच राहू द्या. लाकूड एकदा घासलं की परत येत नाही, आणि पहिल्या दिवशी जे टोचतं ते पुढे टोचेलच असं नाही. ट्रिगरलाही हात लावू नका. नियमाप्रमाणे त्याने न सुटता किमान ५०० ग्रॅम वजन उचललं पाहिजे. रेंजवरच्या वजनाने तपासा आणि सोडून द्या.

एकाच डबीतले चपट्या डोक्याचे ४.५ मिमी पेलेट (छर्रे) पुरेत. चार प्रकारचे नेलेत तर चूक पेलेटची की मनगटाची, हे कळणार नाही. आधी ड्राय, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव. मग टार्गेट उलटं लावून कोऱ्या कागदावर पाच-पाचचे ग्रुप. १० मीटरवरचा दहाचा गोल जेमतेम ११.५ मिमीचा, तो दिसला की माणूस प्रत्येक शॉटनंतर साइट फिरवायला लागतो. ग्रुप एका जागी बसू लागल्यावरच साइटचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवा, आणि किती, कुठल्या बाजूला ते लिहा. पेन हवं.

संपल्यावर: नळी रिकामी, फ्लॅग आत, अ‍ॅडॅप्टर त्याच कप्प्यात. पेलेट शिशाचे असतात, काही खाण्याआधी हात साबणाने धुवा.