पोफळीच्या विरीचे ताट आणि 'कंपोस्टेबल' पिशवी

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली, तरी कोकणातल्या लग्नकार्यांत थर्माकोलच्या ताटाला पर्याय कोणता, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. माझ्या मते उत्तर आपल्या वाडीतच पडलेले असते. पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) झावळीबरोबर गळून पडणारी विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद आवरण, जमिनीवर भिजून काळे डाग पडण्याआधी उचलावी, उन्हात कडक वाळवावी आणि पावसाळ्यापूर्वी कोरड्या माळ्यावर ठेवावी, कारण दमट हवेत तिला फार लवकर बुरशी येते. वापरण्याआधी ती पाण्यात भिजवून नारळाच्या काथ्याने घासावी. वाकवल्यावर न तडकता चामड्यासारखी वळू लागली, की पाणी निथळून ती तापवलेल्या साच्यात दाबावी. यात गोंद किंवा रसायन लागत नाही. साचा नसेल, तर चारही कोपरे दुमडून बांबूच्या काडीने टोचले तरी आमटीसाठी चांगला द्रोण होतो.

बाजारातल्या 'कंपोस्टेबल', म्हणजे कुजून खत होणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, पिशव्यांबाबत मात्र सावध राहावे. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल हे अशा पिशव्यांत वापरले जाणारे प्लास्टिक वनस्पतिजन्य असले, तरी त्याचे नीट विघटन होण्यास सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाचा औद्योगिक खतप्रकल्प लागतो. समुद्राच्या पाण्यात ते दीर्घकाळ तसेच राहते. म्हणून पिशवीवर आयएस 17088 हे कंपोस्टेबल प्लास्टिकसाठीचे भारतीय मानक छापलेले आहे का, ते पाहावे, आणि असली पिशवी किनाऱ्यावर कधीही टाकू नये. वापरलेली विरी मात्र तुकडे करून माडाच्या आळ्यात घालावी.