फर्निचरची शैली ठरवताना आधी पाय बघा

चिपळूणला आमचा सुतारकामाचा कारखाना आहे. गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणतं, "अस्संच करून द्या." मी आधी विचारतो, घरात टाकवत नाही अशी जुनी वस्तू कोणती? आजोबांचा शिसवी पलंग असेल, झोपाळा असेल, तर शैलीची सुरुवात तिथूनच करा. नव्या लाकडाचा रंग त्याच्या जवळपास ठेवा, पण नक्षी परत नको. कोरीव वस्तू खोलीत एकच असली की उठून दिसते.

मग पाय. आमच्याकडे पावसाळाभर भिंतींना ओल असते. जमिनीला टेकलेल्या बॉक्सच्या पलंगाखाली हवा खेळत नाही, बुरशी धरते. म्हणून सहा इंच उघडे पाय असलेली शैली मी पहिल्यांदा सुचवतो. झाडू आत जातो आणि जमीन दिसत राहिल्यामुळे लहान हॉलही मोकळा वाटतो. स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी १९५०च्या दशकात चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या खुर्च्या बघा. सागवान, तिरके पाय, वेताची वीण. घामाच्या दिवसांत पाठीला वारा लागतो, आणि एवढी साधी खुर्ची कुठल्याही जुन्या पलंगाशेजारी शोभते. वेत सैल पडलं तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, पुन्हा ताणलं जातं.

मुंबईत एकोणिसाव्या शतकात घडलेलं कोरीव शिसवी फर्निचर मला मनापासून आवडतं. पण त्या खाचांतली धूळ ब्रशने कोण काढणार, हे घरात आधी ठरवा.

घरात वयस्कर माणसं असतील तर बुटक्या सोफ्याची शैली सोडून द्या. बैठक अठरा इंचांच्या आसपास हवी, म्हणजे गुडघ्यांवर जोर न देता उठता येतं. ऑर्डर देण्याआधी सोफ्याचा आकार खडूने जमिनीवर काढा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा. जायला-यायला अडीच फूट उरत नसतील तर तीन सीटचा हट्ट नको.

ओल्या भिंतीला लागून प्लायवुडचं कपाट करणार असाल तर त्यावर आयएस ७१० हा शिक्का, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या मरीन प्लायची खूण, बघूनच घ्या. सागवानाच्या फळीच्या कडेचा पांढुरका भाग मात्र तुमच्या डोळ्यांदेखत कापायला लावा. वाळवी आधी तिथेच लागते.