शर्ट खांद्यावर लटकतो, पोटावर नाही: खरेदीतल्या या चुका टाळा

माझ्या कपाटात असे सहा शर्ट आहेत, की जे हात खाली सोडून, श्वास रोखून, आरशासमोर पुतळ्यासारखं उभं राहिलं तरच बरे दिसतात. दुकानाच्या ट्रायल रूममध्ये आपण नेमकं तेवढंच करतो. पुढे सांगलीहून मिरजेला जाताना बसचा दांडा धरला, किंवा लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसलो, की मग शर्टाचं खरं रूप कळतं. मागून तो पँटीतून बाहेर आलेला, पोटावरचं बटण ताणलेलं आणि कॉलर मानेपासून चार बोटं लांब.

बरीच वर्षं मी सगळा दोष पोटाला दिला. मग एकदा ४४ नंबरचा असाच एक शर्ट ‘जरा बारीक करून द्या’ म्हणून कापडपेठेजवळच्या एका टेलरमास्तरांकडे नेला. त्यांनी तो माझ्या अंगावर पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “एवढा मोठा कशाला घेतलासा ओ? शर्ट खांद्यावर लटकतो. पोटाचं आपण बघून घिऊ की.” पुढचं बरंचसं त्यांच्याच टेबलाशी उभं राहून शिकलेलं आहे.

नंबर म्हणजे छाती, ही चूक

रेडिमेड फॉर्मल शर्टाच्या कॉलरला आत ३९, ४०, ४२, ४४ असा आकडा असतो. बहुतेकांना ती इंचातली छाती वाटते. बहुतेक ब्रँडच्या फॉर्मल शर्टावर तो गळ्याचा घेर असतो, आणि तोही सेंटिमीटरमध्ये. ४० म्हणजे पावणेसोळा इंचांचा गळा, ४२ म्हणजे साडेसोळा. टेलर मात्र वहीत ४० लिहितो तेव्हा ती इंचातली छातीच असते. आकडा एकच, पण दोन वेगळ्या गोष्टी. गोंधळ वाढतो तो यामुळे, की ४० छातीच्या माणसाला ४० नंबरचा शर्ट बऱ्याचदा बसतोही. कारण कंपनी प्रत्येक गळ्याला एक सरासरी छाती, एक सरासरी पोट आणि एक सरासरी बाही जोडून टाकते.

तुम्ही त्या सरासरीत बसत असाल तर हा लेख इथेच सोडा, तुमचं बरं चाललंय.

आमच्या भागात ती सरासरी लवकर मोडते. पलीकडच्या सातारा जिल्ह्यातलं गोळेश्वर हे १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचं गाव, आणि हिंदकेसरी मारुती मानेंचं कवठेपिरान तर सांगलीच्या जवळच. अजूनही गावोगावी तालमी आहेत. जोर-बैठका मारलेल्या पोराची मान सतरा इंच आणि कंबर बत्तीस, असं सहज असतं. त्याला गळ्याला बसेल असा शर्ट घेतला की खाली तंबू होतो. कंबरेला बसेल असा घेतला तर वरचं बटण लागत नाही. उलट माझ्यासारख्या खुर्चीत बसून चाळिशी गाठलेल्याची मान बारीक, खांदे उतरते आणि पोट पुढे. आम्हा दोघांनाही दुकानात ‘एक साइझ मोठा बघा’ एवढंच सांगतात.

भारतीय अंगाची मापं घेऊन आपला साइझ-तक्ता बनवावा, म्हणून ‘निफ्ट’ या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने सहा शहरांत २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या सहांत मुंबई आहे. तालमीतल्या मानेचा हिशेब त्यात कितपत आला असेल, मला शंकाच आहे.

गळ्याचं माप असं घ्या. टेप मानेच्या बुडाशी, जिथे कॉलर बसते तिथे फिरवा आणि आत एक बोट ठेवा. शर्ट घालून वरचं बटण लावल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. चार जात असतील तर मोठा आहे. बोट घालताना ठसका लागला तर लहान.

पोट बघून घेणं आणि खांदा विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पोटाला होतोय ना, मग झालं, असं म्हणून आपण मोठा शर्ट घेतो. त्या मोठ्या शर्टाचा खांदाही मोठा असतो. मग खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाही पंजावर येते, आणि अंगात दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट घातल्यासारखं दिसतं.

खांदा कुठे संपतो ते शोधायला हात बाजूला आडवा उचला. खांद्याच्या टोकाशी हाडाजवळ एक खळी पडते. शर्टाची शिवण तिथेच यायला हवी. अर्धा इंच इकडेतिकडे चालतं. त्यापुढे गेलं तर तो शर्ट परत हँगरला लावा, कितीही सवलत असली तरी.

एवढा हट्ट का, तर बाकी बहुतेक गोष्टी नंतर दुरुस्त होतात, खांदा होत नाही. खांदा कमी करायचा म्हणजे दोन्ही बाह्या उसवायच्या, वरची पट्टी कापायची, बाही जोडायचा गोल नव्याने आखायचा आणि बाही पुन्हा त्यात बसवायची. मास्तर म्हणतात, तेवढ्या वेळात नवा शर्ट होतो. वाढवायचा असेल तर त्याहून अवघड, कारण रेडिमेडमध्ये आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडलेलीच नसते. जुन्या टेलरांच्या शिलाईत ती बोटभर असायची. घरातला मुलगा भरला की उसवून सैल करता यायचं. रेडिमेडचा शर्ट आतून उलटा करून बघा, शिवणीपलीकडे जेमतेम पाव इंच सापडेल.

हात वर केला की शर्ट बाहेर येतो, म्हणून मोठा घेणं

ही चूक मी स्वतः दहा वर्षं केली. हात वर केला की शर्ट पँटीतून निघतो, बाही मनगटावरून मागे जाते. आपण समजतो, शर्ट आखूड आहे. पुढच्या वेळी एक नंबर मोठा आणतो. तो आणखी जास्त निघतो!

खोट उंचीत नाही, मुंढ्यात आहे. बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल म्हणजे मुंढा. तो जितका खाली, तितकं काखेखालचं कापड बाहीला बांधलेलं. हात उचलला की बाही ते कापड ओढते, ते कापड बरगड्यांवरचं ओढतं, आणि शेवटी सगळा शर्ट वर येतो. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात उचलताना फक्त बाही हलते, बाकी शर्ट जागच्या जागी राहतो. ढगळ मुंढा मोकळा वाटतो, पण हालचालीला तोच आडवा येतो. नंबर वाढला की मुंढाही वाढतो आणि खाली उतरतो, म्हणून मोठा शर्ट जास्त निघतो.

ट्रायल रूममध्ये हात वर करून बघा, बसचा दांडा धरल्यासारखा. मग दोन्ही हात पुढे, गाडीच्या हँडलवर ठेवल्यासारखे. बाहेर सेल्समन काय म्हणेल याची चिंता करू नका, त्याने याहून विचित्र प्रकार पाहिलेत. मुंढा काखेत रुतू नये, पण बोटभरापेक्षा फार खालीही नको. आणि मुंढा नंतर वर चढवता येत नाही, जिथे कापड कापलं गेलंय तिथे ते परत कुठून आणणार?

चुण्या दिसतात, पण वाचल्या जात नाहीत

अंगावरच्या शर्टाच्या चुण्या म्हणजे तक्रारवहीच. फक्त कुठली चुणी काय सांगते ते माहीत हवं. बटणापासून दोन्ही बाजूंना फुलीसारख्या रेघा निघाल्या तर तेवढ्या जागी शर्ट तंग आहे. छातीवर असतील तर तो शर्ट सोडा. फक्त पोटावर असतील तर बाजूच्या शिवणी सोडून थोडं काही निघतं का, ते टेलरला विचारा. पाठीवर कॉलरच्या लगेच खाली आडवी वळी पडत असेल तर तुमचे खांदे सरळ आहेत आणि शर्ट उतरत्या खांद्याचा बेतलाय. मानेपासून काखेकडे तिरक्या चुण्या येत असतील तर उलट. तशी चुणी एकाच बाजूला असेल, तर एक खांदा खाली आहे. वर्षानुवर्षं एकाच खांद्याला बॅग अडकवणाऱ्यांचा असतोच. रेडिमेडमध्ये याला इलाज नाही, टेलरला मात्र सांगितलं तर तो दोन बाजू वेगळ्या कापतो. बाहीच्या वरच्या टोकाला खळगा पडला, तर खांदा रुंद आहे, हे आतापर्यंत तुमच्या ध्यानात आलंच असेल.

आरशात फक्त पुढचं दिसतं. बरोबर आलेल्याला मोबाइलवर पाठीचा आणि बाजूचा फोटो काढायला सांगा. माझ्या बाजूच्या फोटोत शर्टाची पुढची कड मागच्यापेक्षा दीड इंच वर दिसली. पोट पुढचं कापड खात होतं. शिवून घेताना यासाठी पुढची उंची थोडी वाढवायला सांगायची. आणि पोटाचं माप बसून घ्यायचं. बसलं की पोट वाढतं, हे सगळ्यांना माहीत असतं, टेप धरताना मात्र सगळे ताठ उभे.

कापड न भिजवता शिवणं

आहेरात शर्टपीस येतात, ते कपाटात पडून राहतात, आणि दिवाळीच्या तोंडावर आपण ते तसेच टेलरकडे नेऊन टाकतो. पहिल्या धुण्याला शर्ट आखडतो आणि शिव्या टेलर खातो.

विट्यात किंवा इचलकरंजीत मागावर उभा राहून बघा, उभा धागा कसा ताणून धरलेला असतो. तो ताण कापडात राहतो. पाणी लागलं की धागा सैल होऊन आपल्या मूळ लांबीकडे परततो, म्हणून सुती कापड उंचीला जास्त आटतं. तीन टक्के आटलं तर तीस इंची शर्ट जवळपास इंचाने आखूड होतो आणि चोवीस इंची बाही पाऊण इंचाने. मिश्र धाग्याचं कापड कमी आटतं. सुती किंवा लिनन असेल तर शिवायच्या आधी साध्या पाण्यात काही तास भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग द्या. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ५८ इंच असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण १.६० मीटर लागतं. धिप्पाड माणसाने किंवा चौकड्याचं कापड घेणाऱ्याने थोडं वाढवून घ्यावं, नाहीतर खिशाची चौकट छातीच्या चौकटीशी जुळत नाही.

रेडिमेड सुती शर्ट घेताना बाही मनगटाच्या हाडाच्या अर्धा इंच पुढे असू द्या. पाणी तेवढी घेईल.

टेलरला ‘नॉर्मल ठेवा’ सांगणं

मास्तर विचारतात, “फिटिंग कसं ठेवू?” आपण म्हणतो, “नॉर्मलच.” हे माप कुठल्याच टेपवर नाही. त्यापेक्षा आकडा सांगा. छातीच्या घेरावर चार इंच सैल ठेवला तर शर्ट नेटका दिसतो आणि जेवण झाल्यावरही चालतो. सहाच्या पुढे तो ढगळ होतो. माप देताना खिशातला मोबाइल आणि पाकीट काढून ठेवा, पोट आत घेऊ नका. मास्तरांना ते कळतं, पण संकोचाने ते बोलत नाहीत.

एखादा शर्ट उत्तम बसत असेल तर तोच मापाला न्या. पण तो धुऊन आटलेला आहे, नवं कापड भिजवलेलं आहे की नाही, हेही सांगा. आणि दिवाळी किंवा लग्नसराईच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदाच नव्या टेलरकडे जाऊ नका. त्या दिवसांत ट्रायलला वेळ कुणालाच नसतो.

ऑनलाइन घेताना तक्त्यात छाती ४२ लिहिलेली असेल, तर ती तुमची की शर्टाची, हे आधी बघा. यात चार इंचांचा फरक पडतो. तुमचा चांगला बसणारा शर्ट बटणं लावून पलंगावर पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा आणि शर्टाच्या मापाशी ताडून पाहा.

घेऊन बसलोच आहोत, तर आता काय?

बाजूच्या शिवणी आत घेऊन कंबर दोन-तीन इंच सहज कमी होते. त्याहून जास्त घेतलं तर खिसा काखेकडे पळायला लागतो. पाठीत दोन टक्स, म्हणजे उभ्या चिमट्या शिवून, घेतले तर मागचा फुगा जातो. कफ काढून बाही इंचभर आखूड करता येते. कॉलर जराशी तंग असेल तर वरचं बटण पाव इंच सरकवा, बाकीचं टाय किंवा उघडा गळा सांभाळून घेतो. उंची कमी करणं तर अर्ध्या तासाचं काम.

माझ्या सहांपैकी तीन शर्ट मास्तरांनी असे वाचवले. एकाच्या बाह्या कापून त्याचा हाफ शर्ट केला, तो मी आता घरात वापरतो. एक गाडी पुसायला गेला. आणि तो ४४ नंबरचा मेहुण्याला दिला. त्याला खांद्यात अगदी बरोबर बसतो. पोटात जरा ढगळ होतोय म्हणाला, तर मी त्याला कापडपेठेचा पत्ता पाठवून दिलाय.