डोळ्यांचे डॉक्टर काय करतात, हे लहान मुलांना कसे सांगावे

मुलाला डोळे दाखवायला जळगावला किंवा धुळ्याला न्यायचे असेल, तर तिथे काय होणार हे त्याला आदल्या संध्याकाळी घरीच निवांत सांगावे. "रडलास तर डॉक्टर सुई टोचतील" असा धाक मात्र कधीही घालू नये, कारण तो धाक घेऊनच मूल तपासणीच्या खुर्चीत बसते.

सुरुवात आरशापासून करावी. खोलीतला उजेड कमी करून मुलाला डोळ्यातला काळा ठिपका, म्हणजे बाहुली, दाखवावी आणि दिवा लावताच ती कशी बारीक होते, हे त्याचे त्यालाच पाहू द्यावे. बाहुली ही उजेड आत जाण्याची खिडकी आहे आणि डॉक्टर त्या खिडकीतून आतला पडदा तपासतात, एवढे चार-पाच वर्षांच्या मुलाला सहज कळते. आजी अहिराणीत 'डोया' म्हणत असेल, तर आपणही तोच शब्द वापरावा. ओळखीच्या शब्दाने भीती कमी होते.

मग तक्ता. तो बहुधा 6 मीटर अंतरावर असतो, आणि अक्षरे न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांचा किंवा इंग्रजी 'ई'चा तक्ता वापरतात. 'ई'चे तीन दांडे कोणत्या बाजूला आहेत, तेवढे हाताने दाखवायचे असते. अंगठा व करंगळी दुमडून उरलेली तीन बोटे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे वळवण्याचा खेळ घरी खेळून घ्यावा. एक डोळा तळहाताने न दाबता झाकायचा आणि बोटांच्या फटीतून पाहायचे नाही, हेही त्यातच शिकवावे. एका डोळ्याची नजर कमी असली तरी दुसऱ्यावर काम भागत असल्याने मूल तक्रार करत नाही, आणि ती उणीव डोळा झाकल्यावरच कळते. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की "दिसत नाही" हेही बरोबरच उत्तर आहे, असे मुलाला स्पष्ट सांगावे. मोठ्यांना खूश करण्यासाठी मुले अंदाजाने उत्तर देतात आणि मग चष्म्याचा नंबर काढणे अवघड होते.

थेंबांविषयी खोटे बोलू नये. ते थोडा वेळ चुरचुरतात, बाहुली मोठी होते, जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही; औषधानुसार हा परिणाम काही तास किंवा काही दिवस राहतो. म्हणून खानदेशातल्या उन्हाळ्यात परतीच्या वाटेसाठी टोपी सोबत ठेवावी, बसमध्ये सावलीच्या बाजूची जागा धरावी आणि त्या दिवशी अभ्यासाला बसवू नये.